ओस्टफ्रीसलांडची दारं

१२ ऑगस्ट २००७

आज पुन्हा ती फिल्म पाहिली. आवाज नाही, रंग नाही, सगळीकडे ओरखडे. आधी नुसता समुद्र. मग ती – डेकवर एकही माणूस नाही. तिच्या शेजारी पाण्याचा डोंगर उठतो. मग ती मागून खाली बसायला लागते, डावीकडे कलते, पालथी होते. बास. समुद्र परत आधीसारखा.

ओस्टफ्रीसलांड. जर्मन युद्धनौका. १९०९ साली पाण्यात उतरली, १९२१ साली अमेरिकेच्या किनाऱ्यासमोर बुडवली – मुद्दाम. युद्ध हरल्यावर जर्मनीला जी जहाजं देऊन टाकावी लागली त्यांतली एक. विमानातून बॉम्ब टाकून एवढी मोठी नौका बुडते का, हे बघायचं होतं. व्हर्जिनियासमोर नांगरून ठेवली आणि दोन दिवस बॉम्ब टाकले. बुडते! बघणारे काही म्हातारे अधिकारी रडले म्हणे.

माझा प्रबंध तिच्यावर आहे. सई – माझी रूममेट, पुण्याची, कॉम्प्युटरवाली – म्हणते, "लोक अमेरिकेत येऊन जॉब शोधतात यार, तू भंगार शोधलंस."

१५ ऑगस्ट

सकाळी झेंडावंदन, नंतर थंडगार सामोसे, दुपारी लॅब.

डॉ. हॅलोरन, म्हणजे माझे गाइड, यांनी एक प्रोग्रॅम बनवलाय. जहाजाला भोक पाडायचं, तो सांगतो पाणी कुठवर जाईल, जहाज किती कलेल, तरेल की नाही. पण प्रोग्रॅम खरं बोलतो का हे कळायला खरोखर बुडालेलं जहाज लागतं, आणि त्याचे नकाशे लागतात. अमेरिकेच्या नौदलाचे आजचे नकाशे मला बघता येत नाहीत. पासपोर्ट भारताचा. शंभर वर्षं जुनी जर्मन बोट मात्र आता कुणाचंच गुपित नाही. म्हणून ती माझी.

उन्हाळाभर तिच्या नकाशांतच राहतेय. बारा मोठ्या तोफा, दोन-दोनच्या सहा बुरुजांत. एक बुरूज पुढे, एक मागे आणि चार कडेला – वरून पाहिलं तर षटकोन. असं का? तर मधली जागा इंजिनांनी खाल्ली. इंग्रज तोवर टर्बाइनवर गेले होते, हिच्यात अजून जुनी, वरखाली होणारी वाफेची इंजिनं – उंच आणि जाडजूड. म्हणून तोफा कडेला. तोफांखाली दारूगोळ्याची कोठारं, म्हणजे तीही कडेला. मग कोठार आणि समुद्र यांच्यात उरलं काय? कोळशाचे खण आणि एक पोलादी भिंत. एका ठिकाणी केलेली तडजोड दुसऱ्याच ठिकाणी बाहेर येते!

पण बांधणारे मूर्ख नव्हते. आत सतरा जलबंद कप्पे, बहुतेक सगळ्या लांबीला दुहेरी तळ. एक कप्पा गेला तर शेजारचा धरून ठेवतो. फक्त मधली दारं बंद पाहिजेत.

हे सगळं बाबांना फोनवर सांगितलं. बाबा हर्णैच्या जेटीवर बर्फ फोडतात. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं. जेवलीस का?"

२३ ऑगस्ट

बुडत नाही! नकाशात आहेत तशी सगळी दारं बंद धरली आणि फिल्ममधल्यासारखे बॉम्ब लावले – कलते, मागून बसते, आणि तशीच तरंगत राहते. हॅलोरन म्हणाले इनपुट तपास.

२४ ऑगस्ट

तपासलं. इनपुट बरोबर आहे.

३० ऑगस्ट

दारं उघडी धरली. बुडाली. वेळसुद्धा जवळपास जुळली. हॅलोरन खूश. कारणही पटण्यासारखं आहे – बॉम्ब टाकले तेव्हा आत कुणीच नव्हतं. आधीच थोडी गळत होती, पंप चालवायला माणूस नाही, दारं घट्ट करायला माणूस नाही. रिकामं घर.

झालं असतं इथेच. पण मला राहवलं नाही. हिलाच १९१६ साली एक जखम झाली होती. मोठ्या लढाईवरून परत येताना, घर जवळ आलेलं असताना ती सुरुंगावर गेली. नंतर पाणबुडी दिसली असं वाटून तिनं जोरात वळण घेतलं, तशी फाटलेली भिंत आणखी फाटली. तरी स्वतःच्या इंजिनांवर घरी पोचली. तेच जहाज, तेच कप्पे, तीच दारं. आत हजाराहून जास्त माणसं. मेले किती – एक. फक्त एक! काय बांधलंय!

आता तीच उघडी दारं घेऊन १९१६ चा सुरुंग लावला. माझी बोट उलटली.

म्हणजे दारं बंद धरली तर १९२१ जुळत नाही. उघडी धरली तर १९१६ जुळत नाही.

४ सप्टेंबर

हॅलोरन म्हणाले, १९१६ सोडून दे. त्यांचं म्हणणं, युद्धातल्या नोंदी ढोबळ असतात, १९२१ चं सगळं मोजमाप करून झालंय, प्रबंधाला एवढं पुरे. रागानं नाही, दमलेल्या माणसासारखं बोलले.

मी वही मिटली. खाली जाऊन, जहाजांची छोटी मॉडेल्स तपासतात त्या टँकच्या पाण्याकडे बघत बसले.

मला माहितीये काय राहिलंय. प्रोग्रॅममध्ये दार दोनच प्रकारचं आहे – उघडं किंवा बंद. उघडं असलेलं दार कुणीतरी जाऊन बंद करतं, असं दारच त्यात नाही. माणूसच नाही त्यात!

हर्णैला आमच्या शेजारची होडी गेली तेव्हा मी सातवीत होते. तेव्हापासून एकच वाटतं, की माझ्या गणितानं एक तरी बोट घरी यावी. हे सईला सांगितलं तर ती हसेल म्हणून इथे लिहिते.

१५ सप्टेंबर

गणपती. डेट्रॉइटजवळ, नोव्हायला सुवर्णाकाकूंकडे. काका-काकू नात्यातले नव्हेत. नागपूरचे. पहिल्या वर्षी एअरपोर्टवर कुणी न्यायला आलं नाही तेव्हा महाराष्ट्र मंडळाच्या यादीवरून त्यांनी मला उचललं, तेव्हापासून सणाला मी त्यांचीच. राजेशकाका गाड्यांची टक्कर कॉम्प्युटरवर करतात. त्यांच्या ऑफिसातला अर्धा मजला रिकामा झालाय. ते त्यावर विनोद करतात आणि काकू त्या वेळी स्वयंपाकघरात निघून जातात.

मोदक खाताना त्यांना माझं त्रांगडं सांगितलं. काका म्हणाले, "आमच्या टेस्टमध्ये निदान डमी माणूस तरी बसवतात गं गाडीत. तुझ्या बोटीत तेवढाही नव्हता."

हेच! हॅलोरनना हेच वाक्य सांगणार.

१८ सप्टेंबर

सांगितलं. हसले. म्हणाले, माणूस घालायचा तर आकडे लागतील – बिघाड कळायला किती वेळ, दारापर्यंत पोचायला किती, बंद व्हायला किती. नौदलाकडे ते आहेत, तुला मिळणार नाहीत. कुणी खलाशी आहे का ओळखीत?

मी म्हटलं, माझा भाऊ आहे.

२६ सप्टेंबर

दादाचा फोन! अँटवर्पहून. दादा जहाजावर आहे, इंजिनरूममध्ये ऑइलर – मशिनांचं तेलपाणी बघतो. मालक ग्रीक, झेंडा तिसऱ्याच देशाचा, कॅप्टन चौथ्या. बारावीनंतर गेला तो गेलाच समुद्रावर. म्हणाला, स्टीलच्या गुंडाळ्या भरतोय, कुठे नेतोय ओळख. मी ओळखलं नाही. डेट्रॉइट! माझ्यापासून तासाभरावर! मी किंचाळले तशी सई आतून धावत आली.

मग मी कामाचं विचारलं. जलबंद दार बंद करायला माणसाला किती वेळ लागतो?

"कुठलं दार, बाय? जे बंद होतं ते, की जे कागदावर बंद असतं ते?"

त्याच्या जहाजावर इंजिनरूमच्या मागे, सुकाणूची मशिनं असतात त्या खोलीचं दार आहे. ते बंद होतच नाही. त्या खोलीत पाणी झिरपतं, ते काढायला पंपाचा पाइप कायमचा दारातून टाकून ठेवलाय. दार आतल्या बाजूला उघडतं, आणि डुलून आपटू नये म्हणून आतल्या कडीला दोरानं बांधलेलं असतं. पूर्वी तिथे बघायला एक माणूस जास्त असायचा, तो कमी केला. "आता पाइप हाच आमचा माणूस."

तो हे हसत सांगत होता. तीच ती उघडी दारं! मी जवळजवळ ओरडलेच त्याच्यावर. पाइप काढ, दार बंद ठेव. तो म्हणाला, पाइप काढला तर दोन दिवसांत खोलीत गुडघाभर पाणी. मग सुपरवायझरला सांग. सांगितलं. मग परत सांग.

"बरं, मॅडम."

९ ऑक्टोबर

दादाचे आकडे घातले. चांगला खलाशी, वाईट खलाशी, दमलेला खलाशी. दार उघडं, पण माणूस थोड्या वेळात बंद करतो असं. १९१६ जुळतंय! कलणंही जवळपास तेवढंच. आणि आत कुणीच नाही असं धरलं की १९२१ जुळतंय. एकच जहाज, एकच प्रोग्रॅम, दोन्ही उत्तरं बरोबर. हॅलोरन खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "१९१६ चा चॅप्टर ठेव," म्हणाले.

तिची रचना म्हणजे नुसतं पोलाद नव्हतंच. आतली माणसंही धरून ती बांधली होती. ती काढून घेतली आणि म्हणाले बघा कशी बुडते.

१३ ऑक्टोबर

काल सईच्या तव्यावर जवळ्याची चटणी केली. धुराचा अलार्म वाजला, वरचे दोघं अनवाणी बाहेर धावले. सई म्हणाली, "तुझ्या भावासाठी अख्खी बिल्डिंग रिकामी केलीस." काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या आणि सक्त ताकीद, की पोळ्या आणि तुझा तो जवळा एका पिशवीत ठेवायचा नाही.

आज काकांनी गाडीनं डेट्रॉइटच्या धक्क्यावर नेलं. फाटकावरच्या बाईनं माझा पासपोर्ट बघितला, फोन केला, परत बघितला. परवानगी आलेली नाही. भाऊ आहे म्हटलं. असेल, म्हणाली. त्यालाही बाहेर येता येत नाही – कंपनीनं खलाशांचे व्हिसा काढलेच नाहीत. जहाज कुंपणापलीकडे, समोर. मागच्या बाजूला गंजाचे लांब ओघळ.

तास-दोन तास उभे होतो. मग खलाशांसाठी काम करणारे एक म्हातारे पाद्री व्हॅन घेऊन आले. त्यांना आत जाता येतं. डबा त्यांच्या हवाली केला. त्यांनी वास घेतला आणि तोंड वाकडं न करता म्हणाले, हे नक्की घरचं आहे.

थोड्या वेळानं त्यांच्याच फोनवरून दादा – "जवळा तूच केलास ना? मीठ जास्त झालंय." मग डब्याचं झाकण वाजलं आणि तो खात राहिला. मी कुंपणाशी ऐकत उभी. काका गाडीत जाऊन बसले.

१४ ऑक्टोबर

पाद्रींनी दादाला एक सिमकार्ड दिलंय. सकाळपासून चार फोन! दाराचं विचारलं. सुपरवायझर म्हणाला, युरोपात परत गेल्यावर बघू.

मग मी त्याला नीट समजावलं, चिडले नाही. पाइप काढता येत नसेल तर निदान गाठ सुटी मार. एका झटक्यात सुटली पाहिजे. आणि गाठ बाहेरच्या बाजूला घे, म्हणजे आत न जाता सोडता येईल. तो म्हणाला, बाहेर बांधायला कडीच नाही. मग सुटी तरी मार. मारतो. आणि काही झालं तर आधी दार. पंप नंतर, फोन नंतर, सगळं नंतर. आधी दार. शपथ घे.

"कुणाची घेऊ? तुझ्या जर्मन म्हातारीची?"

"माझी घे."

घेतली.

१७ ऑक्टोबर

स्टील उतरलं. जहाज वर डुलुथला गेलं, गहू भरायला. परतताना डेट्रॉइटच्या याच नदीतून जाणार.

५ नोव्हेंबर

चॅप्टर लिहून झाला. नाव दिलंय – माणसांसह आणि माणसांविना. हॅलोरननी "माणसांविना" खाली रेघ मारली आणि पान उलटलं. १६ तारखेला डिपार्टमेंटमध्ये बोलायचंय.

आईला सांगितलं, मी शंभर माणसांसमोर इंग्रजीत बोलणार. आई म्हणाली, हळू बोल, त्यांना समजलं पाहिजे.

९ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन. दादाचा मेसेज – निघालो. रविवारी दुपारी डेट्रॉइटवरून.

रविवारी भाऊबीज आहे!

११ नोव्हेंबर

गेलो. मी, सई, काका, काकू. नदीकाठचा बांधलेला रस्ता, पलीकडे कॅनडा, वारा असा की डोळे उघडेनात. काकूंनी ताट आणलं होतं – निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठीसुद्धा. सई म्हणाली, "काकू, तो शिप घेऊन इथे पार्क करणार नाहीये." काकू म्हणाल्या, "तू वाऱ्याला आड हो, फार बोलू नकोस."

आणि आलं. लांबून आधी नुसती भिंत, मग नाव वाचता आलं. गव्हानं भरलेलं, खोल बसलेलं. मी सवयीनं मागचे आकडे वाचायला लागले – पाणी कुठवर आलंय ते. मागून थोडं जास्त बसलंय असं वाटलं. लांबून काय कळतंय. काकांनी दुर्बीण माझ्या हातातून काढून घेतली. "आज तरी भावाकडे बघ."

तो मागच्या कठड्याशी उभा होता. नारिंगी बॉयलर सूट. फोन वाजला. "ओवाळतेस का ओरडतेस?" मी म्हटलं टोपी घाल, उघड्या डोक्यानं ओवाळत नाहीत. तो आत गेला आणि हेल्मेट घालून आला. पिवळं! काकू हसून हसून रडल्या.

निरांजन चार वेळा विझलं. पाचव्यांदा काका, सई, काकू तिघं कोट पसरून उभे राहिले आणि मी ओवाळलं. जहाजाला. त्यानं हेल्मेट धरून मान खाली घातली, कुंकू लावून घेताना घालतात तशी. जॉगिंग करणारी एक बाई थांबून बघत राहिली.

"ओवाळणी?" मी विचारलं.

"दार बंद करतो, ती."

पुलाखालून वळेपर्यंत पिवळा ठिपका दिसत होता.

१६ नोव्हेंबर

बोलले! हळू, आईनं सांगितलं तसं. षटकोन, कोठारं, सतरा कप्पे, सुरुंग, वळण, घरी परत. मग तीच नौका रिकामी. शेवटी फिल्म दाखवली आणि म्हटलं, आपण इतकी वर्षं एका जहाजाचं मरण बघतोय, पण ते जहाज पूर्ण नव्हतंच. मग टाळ्या.

मागे एक म्हातारे बसले होते, नौदलातून निवृत्त झालेले, प्रत्येक भाषणाला येतात. त्यांनी हात वर केला. म्हणाले, तुझ्या मॉडेलमधला माणूस दार बंद करतो तेव्हा तो कुठल्या बाजूला असतो?

थोडं हसू उठलं. मी म्हटलं, मॉडेलला त्यानं फरक पडत नाही. दार बंद झालं की पाणी थांबतं. ते मान हलवत राहिले. पटल्यासारखी नाही, नुसतीच.

उगाच मूड गेला. चांगलं झालेलं भाषण, आणि लक्षात तेवढंच राहिलं.

१८ नोव्हेंबर

दादाचा शेवटचा फोन, मोबाइलची रेंज जाण्याआधी. भाषण कसं झालं विचारलं. म्हातारीला सलाम सांगितलाय. थंडी फार. हिवाळ्याची पहिली वादळं चालू झालीत. आता फ्रान्समधलं ब्रेस्ट येईपर्यंत फोन नाही.

गाठ सुटी आहे का?

आहे गं.

२२ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. नोव्हायला. जेवायला बसतच होतो, बाबांचा फोन. भारतात तेव्हा मध्यरात्र. मुंबईच्या एजंटनं कळवलं – जहाजात पाणी शिरलंय. अटलांटिकमध्ये. इंजिन बंद. बाकी माहिती नाही. बाबांनी मला विचारलं, "इंजिन बंद म्हणजे काय गं? तू शिकलीस ना ते."

मी म्हटलं, म्हणजे जहाज थांबलंय फक्त. बुडालं असं नाही.

काका कॉम्प्युटरवर शोधत बसले. जहाजाचं नाव, वारा, लाटांची उंची. काकूंनी कुणाचीच ताटं उचलली नाहीत.

२३ नोव्हेंबर

काही नाही.

सगळं सुट्टीमुळे बंद. मी लॅबमध्ये आले. त्याच्या जहाजाचे नकाशे माझ्याकडे नाहीत, पण तशा जहाजांचे असतात. मागची खोली भरली, दार उघडं – पाणी इंजिनरूममध्ये. गहू भरलेलं, खोल. बघितलं. बुडालं. दार उघडं आणि माणसानं बंद केलं असं घातलं – मागून बसतं, पण राहतं. तेवढ्या एका ओळीवर तरंगतं.

तीच ओळ परत परत चालवत राहिले. प्रत्येक वेळी तरतं. मग बाबांना फोन करून सांगितलं, की दार बंद केलं असेल तर काही होणार नाही. बाबा म्हणाले, केलं असेल. तू सांगितलंयस ना त्याला. मग तो करतो.

२४ नोव्हेंबर

तरंगतंय!! टग पोचली. कॅनडात, हॅलिफॅक्सला ओढून आणतायत. एजंट म्हणाला मागची खोली पूर्ण भरली होती, इंजिनरूममध्ये थोडंच पाणी आलं, मग थांबलं. क्रू सुखरूप.

थांबलं! कुणीतरी जाऊन थांबवलं म्हणून थांबलं. आई फोन बाबांकडे देऊन देवापाशी दिवा लावायला गेली. बाबांनी जेटीवर सगळ्यांना सांगितलं. हॅलोरनना सुट्टीत घरी फोन केला, ते म्हणाले, "तुझं मॉडेल बरोबर आहे." मी म्हटलं मॉडेल गेलं खड्ड्यात. आणि रडले.

सईनं खिडक्या उघडून जवळा भाजायला घेतला. म्हणाली, तुझ्या भावाचा फोन आला की सांग, मीठ या वेळी बरोबर आहे.

२५ नोव्हेंबर

परत बाबांचा फोन. क्रू सुखरूप – एक सोडून. एक जण सापडत नव्हता हे एजंटनं काल सांगितलंच नव्हतं; खोलीतलं पाणी उपसल्यावर कळलं. गाठ पाण्यात आवळली होती, म्हणून आत जाऊन दोर कापला, पाइप कापला. दार दादानं आतून बंद केलं होतं.